उलटा आटा

प्रश्न : दादा, सासऱ्यांची जुनी काळी सायकल सात-आठ वर्षं खोलीत खताच्या पोत्यांशेजारी उभी होती, आता पोरीला शाळेत जायला बाहेर काढली. डावं पायडल तुटलंय ते काही केल्या निघंना झालंय. दोन दिवस झाले डिझेल सोडायलेय, पाना लावून त्याच्यावर उभीसुद्धा राहिले, तर पान्याचंच तोंड फाकलं. त्याच बाजूचा क्रँक, म्हणजे पायडल ज्याला बसतं तो दांडा, खटखट पण करतोय. दुकानवाला म्हणतो दोन्ही क्रँक नवे टाका. घरी जमेल का?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : ताई, जमेल की. पण पाना कुठल्या बाजूला फिरवत होता? आपण सगळे नट ढिले करतो तसाच ना, डावीकडे? मग दोन दिवस तुम्ही पायडल काढत नव्हता, अजून आवळत होता! डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, चालवता चालवता ते आपोआप सुटू नये म्हणून. विमानवाले राइट बंधू आधी सायकलीच बनवायचे, त्यांनीही १९०० साली डाव्या पायडलला उलटा आटा दिला होता. डावं-उजवं लक्षात राहत नसेल तर एवढंच करा, पाना पायडलच्या दांडीवर वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाकडं ओढा, दोन्ही बाजूंना हेच चालतं.

आता ते जाम का झालं, तर युरियाची पोती. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो हे पावसाळ्यात पोत्यात झालेले खडे बघून तुम्हालाही माहीत असेल, शेजारचं लोखंड मग गंजणारच. डिझेल ठीक आहे, पण बाहेरून नाही, क्रँकच्या आतल्या अंगाला जिथं आट्याचं टोक दिसतं तिथं सोडा, आणि मधूनमधून क्रँकवर हातोडीनं टकटक करा म्हणजे गंज हलतो. रात्रभर राहू द्या. सकाळी क्रँकवर उकळतं पाणी ओता, मग १५ नंबरचा चांगला पाना आणि त्याच्या दांड्यावर हातभर पाइप घालून एकदम झटका न देता सावकाश दाबत जा. कट्ट असा आवाज आला की समजा सुटलं. डिझेल लावलेल्या जागी स्टोव्ह-गॅस मात्र अजिबात नेऊ नका.

खटखट बहुतेक कॉटरची असणार, म्हणजे क्रँक मधल्या आसाला पक्का धरणाऱ्या पिनची. आधी त्याचा नट आवळून बघा, आवळूनही क्रँक हलतोय म्हणजे कॉटर झिजलाय, क्रँकला काही झालेलं नाही. पूर्ण क्रँक बदलायची काय गरज? कॉटर काढताना नट पूर्ण काढू नका, कॉटरच्या टोकाला बरोबर लागेल इतकाच ढिला करा, नाहीतर घावानं आटे चेपतात आणि मग नटही बसत नाही. क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा करा, कॉटरचं डोकं त्याच्या पोकळीत यायला पाहिजे, असा आधार नसला तर सगळा मार आतल्या छर्‍यांवर जातो. मग नटाच्या बाजूनं एकच सणसणीत घाव. दहा हलके घाव घातले तर पिन चेपून अजूनच घट्ट बसते, हे मी स्वतः करून बसलोय, शेवटी ड्रिल मारायला लागलं होतं.

नवा कॉटर घेताना जुना खिशात घेऊन जा, जाडीत फरक निघतो. बसवताना त्याची सपाट बाजू दुसऱ्या बाजूच्या कॉटरच्या उलट यायला पाहिजे, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. पायडलच्या आट्याला ग्रीस लावा. गल्लीत दोन चकरा मारून झाल्या की कॉटरचा नट परत एकदा आवळा, तो ढिला होतोच. आणि तो फाकलेला पाना भंगारात द्या, पोरीच्या हाताला लागू देऊ नका.