पाऊस मोजा, गच्ची पांढरी करा: हवामानाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या खरिपात आमच्या तालुक्यात सरासरीइतका पाऊस झाला असं सरकारी आकडे सांगतात. प्रत्यक्षात आम्हाला दुबार पेरणी करावी लागली आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. आकडा खोटा की आम्ही? (शेतकरी, वाशीम जिल्हा)

दोन्ही खरे आहेत. आठ दिवस रोज 15 मिमी पडला तरी बेरीज 120 होते आणि एका रात्रीत सगळा कोसळला तरी 120च होते. पहिला पाऊस जमिनीत मुरतो. दुसऱ्यातला बराचसा माती घेऊन ओढ्याला जातो, कारण काळ्या जमिनीच्या भेगा मिटल्या की ती पाणी फार हळू घेते. हंगामाची बेरीज पिकाला कळत नाही. त्याला कळतो तो मधला खंड आणि शेवटची झड.

हा बदल केवळ तुमच्या शिवारापुरता नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच पट्ट्यात पावसाळ्याची एकूण बेरीज मात्र वाढली नाही. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारं बाष्पही जास्त, म्हणून सुटतं तेव्हा एकदम सुटतं. "पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही" हे पारावरचं वाक्य म्हणून चुकीचं नाही, पण त्यावरून पेरणी ठरवता येत नाही. त्यासाठी तुमच्याच बांधावरचं माप हवं. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक यंत्र कित्येक किलोमीटर दूर असतं.

पर्जन्यमापक घरी करता येतो. 16 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं नरसाळं आणि पाच लिटरचा कॅन घ्या. या तोंडाचं क्षेत्रफळ 201 चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून जमलेलं दर 20 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिमी पाऊस. कॅनमध्ये सुमारे 250 मिमी मावतो. नरसाळ्याच्या काठाला चार बोटं उंच, उभी पट्टी हवी. नाहीतर जोराच्या सरीचे थेंब आदळून बाहेर उडतात आणि नेमका मोठा पाऊसच कमी मोजला जातो. कॅन अर्धा जमिनीत पुरा, म्हणजे वाऱ्याने कलंडणार नाही. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर उंच आणि अगदी आडव्या पातळीत ठेवा. भोवती गवत असू द्या, कारण फरशीवर पडलेले थेंब उसळून आत येतात. घर किंवा झाड जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक हवा. गोठ्याच्या पाखेखाली ठेवलेल्या मापकाच्या नोंदी पुढे कशाच्याच उपयोगाच्या नसतात.

बादली ठेवून पट्टीने खोली मोजण्याची पद्धत सोडा. बादलीचं तोंड बुडापेक्षा मोठं असतं, त्यामुळे आकडा फुगतो. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान विभागाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा असतो. शून्य असेल तर शून्य लिहा. कोरी जागा सोडली की पाऊस नव्हता की मोजायचं राहिलं, हे चार महिन्यांनी कळत नाही. 2.5 मिमी किंवा त्याहून जास्त पडला तर तो दिवस पावसाचा धरतात. एका एकरावर 1 मिमी म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी.

आता पेरणी. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन ओल खाली गेल्याशिवाय सोयाबीन टाकू नका. पहिल्या वळवाच्या 30 मिमीवर पेरलेलं बी उगवण्यापुरतं पाणी घेतं आणि आठ दिवसांच्या उघडिपीत कोमेजतं. बहुतेक दुबार पेरण्या इथेच ओढवतात. घरचं बियाणं असेल तर उगवणक्षमता आधी तपासा. 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून ओल टिकवा आणि सात दिवसांनी निरोगी कोंब मोजा. 70 निघाले तर एकरी 30 किलो पुरे. कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा. फारच कमी असतील तर ते बियाणं पेरूच नका. खोली 3 ते 5 सेंटिमीटर ठेवा. रुंद सरी वरंब्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंना सरी असलेल्या रुंद उंचवट्यावर, पेरलं तर खंडात ओल टिकते आणि झडीत जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. आजच्या लहरी पावसात दोन्ही टोकांना उपयोगी पडणारी दुसरी इतकी स्वस्त पद्धत नाही.

प्रश्न : रेड अलर्ट म्हणून शाळा बंद ठेवल्या आणि दिवसभर ऊन पडलं. अशा अंदाजावर विश्वास कसा ठेवायचा? (पालक, ठाणे)

इशारा जिल्ह्याला असतो, तुमच्या गल्लीला नाही. अंदाजातले शब्दही मोजून वापरलेले असतात. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, "काही ठिकाणी" म्हणजे 26 ते 50 टक्के, "बऱ्याच ठिकाणी" 51 ते 75 आणि "बहुतांश ठिकाणी" त्याच्या वर. "तुरळक ठिकाणी अत्यंत जोरदार" याचा अर्थ बहुतेक गावं कोरडी राहू शकतात, पण जिथे पडेल तिथे 24 तासांत 204.5 मिमीच्या वर पडेल. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 944 मिमी नोंदले गेले आणि त्याच शहरात कुलाब्याला 75 मिमीसुद्धा नव्हते. कुलाब्याच्या रहिवाशाने त्या दिवशी खिडकीतून पाहून निष्कर्ष काढला असता तर तो काय निघाला असता?

पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. सकाळचा अंदाज पाहून दिवसभर त्यावर विसंबू नका. पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि रडारचं चित्र पाहा. मोबाइलवरचं "पाऊस 60%" हे बहुधा संगणकीय प्रारूपातून आलेलं असतं, तुमच्या गावात कुणी मोजलेलं नसतं.

प्रश्न : डिसेंबरात एवढा कडाका पडला, मग तापमानवाढ कुठे आहे? घरातली थोरली मंडळी हेच विचारतात. (पुणे)

आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा उत्तरेकडून असेल तर रात्री जमिनीची उष्णता भराभर निघून जाते आणि पारा उतरतो. हे यापुढेही होत राहील. हवामानबदल पाहायचा तर सरासरी पाहावी लागते, साधारण 30 वर्षांची. 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढलं. जगाचं 2024 हे साल औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे दीड अंशाने उष्ण गेलं. थोरल्यांना थंडी वाजली हे खरंच आहे. फक्त एका आठवड्याने सरासरी खोडली जात नाही.

प्रश्न : आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. रात्री बारालाही छत तापलेलं असतं. चुना लावण्याचा खरंच उपयोग होतो का आणि तो कसा लावायचा? (नागपूर)

होतो. गडद, मळकं छत बहुतेक ऊन शोषून घेतं आणि पांढरं त्यातलं बरंचसं परत फेकतं. मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे त्यात वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं कामही आलं. पत्र्याच्या घरात दोन ते पाच अंशांचा फरक मिळू शकतो. जाड स्लॅबखाली तो कमी असतो, पण रात्रीची धग नक्की उतरते.

फेब्रुवारीत काम करा. आधी भेगा बुजवा, कारण चुना म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून गच्ची धुवून घ्या. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी लागतं. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी घ्या आणि चुना थोडा थोडा सोडा. उलट केलंत तर उकळून अंगावर उडतो. पातळ प्लॅस्टिकची बादली वितळते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नका, चुन्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. लहान मुलं त्या दिवशी गच्चीवर नकोत. 24 तास भिजू द्या, जाडसर कापडातून गाळा आणि पाच लिटरला सुमारे 20 ग्रॅम डिंक कोमट पाण्यात विरघळवून मिसळा.

संध्याकाळी गच्ची ओलसर करून पहिला हात द्या. तापलेल्या कोरड्या पृष्ठभागावर चुन्यातलं पाणी लगेच उडतं, मग तो धरत नाही आणि बोटाला पावडर लागते. तीन पातळ हात द्या, एक उभा, पुढचा आडवा, प्रत्येक वाळल्यावर. एकच जाड थर पोपडे धरतो. पावसाळ्यात थर झिजतो, धुळीने काळवंडतो, म्हणून दरवर्षी नव्याने लावावा लागतो. गच्चीचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या पावसाचं पाणी वाहून जाऊ द्या.

पत्र्यावर चुना टिकत नाही. पत्रा दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकुंचतो आणि थर सुटतो. तिथे गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठीचा प्रायमर आणि त्यावर उष्णतारोधक पांढरा ॲक्रिलिक रंग लागतो. खर्च जास्त, पण काही वर्षं टिकतो. हिरवी नेट थेट स्लॅबवर अंथरू नका. ती चार-पाच फूट वर बांधली आणि खालून वारा खेळला तरच सावलीचा फायदा मिळतो.

सोबत एक सवय लावा. सकाळी नऊपासून उन्हाच्या बाजूच्या खिडक्या आणि पडदे बंद, सूर्यास्तानंतर सगळं उघडं. कूलर चालू असताना मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा खोलीतच फिरते आणि गारवा थांबतो.

प्रश्न : एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. हे नॉर्मल आहे का? (कल्याण)

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळीत तो वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या वर्षी पुन्हा हवेत जाणार. आर-32 हा गॅस एक किलो सुटला तर परिणाम सुमारे 675 किलो कार्बन डायऑक्साइडइतका, जुन्या एसीतल्या आर-22चा 1,800 किलोंहून जास्त. आपल्याकडे विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे आर-22चा एक किलो अडीच हजार युनिटांना भारी पडतो. घरगुती एसीबद्दल बोलताना लोक फक्त वीजबिल पाहतात आणि हा हिशेब कुणी सांगत नाही, याची आम्हाला खंत वाटते.

मेकॅनिकला आधी विचारा, गॅस खरंच कमी आहे का? फिल्टर तुंबला तरी आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा. गॅस कमीच असेल तर तांब्याच्या नळीच्या जोडांवरच्या नटांवर (फ्लेअर नट) साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहायला सांगा, बहुतेकदा गळती तिथेच सापडते. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे. नळीतली हवा काढायला थोडा गॅस सोडून देण्याची पद्धत चुकीची. गॅस वजनकाट्यावर, युनिटच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच भरावा.

घर बदलताना "पंप डाउन" करून घ्या. एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक नळीचा वॉल्व्ह बंद करतात, दाब शून्याजवळ आला की जाड नळीचा बंद करतात आणि लगेच मशीन थांबवतात. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये साठतो. नट सैल करून फुस्स करून सोडणाऱ्याला तिथेच थांबवा. वापरताना 24 अंश ठेवा. तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते.

प्रश्न : तापमानवाढ ओझोनच्या छिद्रामुळे होते ना? (विद्यार्थी, नांदेड)

नाही. ओझोनचा थर विरळ झाल्याने अतिनील किरण जास्त येतात, हा वेगळा प्रश्न. 1987 च्या माँट्रियल करारानंतर ती रसायनं कमी झाली आणि थर हळूहळू भरून येतो आहे. तापमानवाढ मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने होते.

प्रश्न : हापूसमध्ये साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) वाढलाय. अवकाळी पावसावर खापर फोडून मोकळं व्हावं का? (बागायतदार, रत्नागिरी जिल्हा)

मोहोरावर पाऊस आणि ढगाळ हवा आली तर भुरी, करपा आणि तुडतुडे वाढतात, ते खापर योग्य आहे. साक्याचं एक मोठं कारण मात्र फळ पक्व होतानाची आणि काढणीनंतरची उष्णता. उघडी, तापलेली जमीन खालून धग मारते, म्हणून मार्चपासून झाडाखाली गवताचं किंवा वाळलेल्या पानांचं आच्छादन करा. ते जाळू नका. फळ 14 आण्यांवर, म्हणजे साधारण 85 टक्के पक्वतेला उतरवा. पूर्ण पिकू दिलं तर साका वाढतो. काढणी सकाळी दहापर्यंत किंवा चारनंतर करा. नूतन झेल्याने (आंबे उतरवण्याच्या सुधारित झेल्याने) देठासह काढा, देठ तुटला की चीक फळावर ओघळून डाग पडतात. काढलेला आंबा क्षणभरही उन्हात ठेवू नका. क्रेट सावलीत भरा आणि उघड्या टेम्पोने पाठवायचे असतील तर रात्री पाठवा.