किटोतील तीन दिवस : आधी जुने शहर, मग उंची

गालापागोस बेटांचे विमान पकडण्याआधीचे तीन दिवस किटोत कसे घालवावेत, आणि सोबत साठी ओलांडलेले आईवडील असल्याने काय जपावे, असे आपण विचारले आहे. इक्वाडोरची ही राजधानी सुमारे २,८५० मीटर उंचीवर असल्यामुळे काय पाहायचे याआधी कोणत्या क्रमाने पाहायचे हे ठरवावे. पहिल्या दिवशी साधे जिने चढतानाही धाप लागते. म्हणून पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर सुमारे चार हजार मीटरपर्यंत नेणारा रोपवे शेवटच्या दिवसासाठी, सकाळच्या वेळेला राखून ठेवावा. दुपारनंतर तिथे बहुधा ढग उतरतात.

पहिले दोन दिवस जुन्या शहराला द्यावेत. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९७८ मध्ये जी पहिली बारा स्थळे आली, त्यांत हे होते. २०२३ पासून नियमित धावणाऱ्या मेट्रोचे सान फ्रान्सिस्को स्थानक थेट जुन्या चौकातच उघडते, त्यामुळे आईवडिलांचा चढ वाचेल. तिथून जवळच ला कोंपानीया हे जेझुइट या कॅथलिक संघाचे चर्च आहे. १६०५ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम १७६५ पर्यंत चालले. बाहेरून करडा ज्वालामुखीय दगड, आणि आत भिंती, कमानी, छत सारे सोन्याच्या वर्खाने मढवलेले. इथे घाई करू नये, निवांत बसून पाहावे. बासिलिका हे मोठे चर्चही चुकवू नका: युरोपातल्या चर्चवर जिथे विक्राळ काल्पनिक प्राणी असतात, तिथे इथल्या कारागिरांनी इग्वाना, कासवे असे आपल्याच देशातले जीव कोरले आहेत. मला ही वास्तू त्यासाठीच फार आवडते.

शाकाहारी असाल तर लोक्रो दे पापा मागवा. हे बटाटा आणि चीजचे दाट सूप असून वर अवोकाडोच्या फोडी असतात. मात्र त्यात मांसाचा रस्सा नाही ना, हे आधी विचारावे.

शहराच्या उत्तरेला असलेले विषुववृत्ताचे ‘मिताद देल मुंदो’ स्मारक प्रत्यक्ष विषुववृत्तापासून सुमारे २४० मीटर दूर आहे, तरीही अठराव्या शतकातील फ्रेंच भूमापन मोहिमेची आठवण म्हणून ते पाहण्याजोगे आहे.

इथे २००० पासून अमेरिकी डॉलर चालतो; सुटे पैसे जवळ ठेवा, शंभराची नोट सहसा कुणी घेत नाही. वर्षभर सहाच्या सुमारास अंधार पडतो. त्यानंतर जुन्या शहरात पायी न फिरता ॲपवरून टॅक्सी मागवावी, आणि पानेसियो टेकडीवर तर दिवसाही गाडीनेच जावे.