पाचवं गाणं, सहावं गाणं

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला एका मालिकेमुळे ब्रिटिश गायिका केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' हे गाणं सापडलं. आता ती केटचा पहिला अल्बम दिवसभर लावते. मी त्यातलं 'वदरिंग हाइट्स' ऐकायला घेतलं, पण आवाज इतका चिरका वाटला की अर्ध्यातच बंद केलं. या अल्बमचं एवढं काय आहे?

उत्तर : त्या गाण्यात बोलतंय कोण, ते आधी बघा. एमिली ब्राँटेच्या याच नावाच्या कादंबरीतली कॅथी मेल्यावर रात्री खिडकीशी येते, थंडी वाजतेय, आत घे म्हणते. बोलणारी व्यक्ती माणूस नाही, म्हणून केटने सूर मुद्दाम टिपेला नेला. हे तिने अठराव्या वर्षी लिहिलं.

'द किक इनसाइड' हा तो अल्बम फेब्रुवारी १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये आला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सुरुवातच देवमाशांच्या गाण्याने होते. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती पहिल्या बाजूची अखेर. पाचवं गाणं 'द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज'. ते तिने साधारण तेराव्या वर्षी लिहिलं आणि जून १९७५ मध्ये, सोळाव्या वर्षी, अख्ख्या वाद्यवृंदासमोर गायलं. ते ध्वनिमुद्रण पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या डेव्हिड गिल्मोरने स्वतःच्या खर्चाने करवून घेतलं होतं. त्याला लागूनच सहावं 'वदरिंग हाइट्स', १९७७ च्या उन्हाळ्यातलं. मधल्या दोन वर्षांत ती लिंडसे केम्पकडे मूकाभिनय शिकली, पबमध्ये बँडबरोबर गायली. पाचव्यात एक मुलगी जपून, जवळ बसून सांगतेय. सहाव्यात तीच मुलगी दुसऱ्या कुणाच्या अंगात शिरली आहे. दोन वयं, मध्ये काही सेकंदांची शांतता. असं फार कमी तबकड्यांवर ऐकायला मिळतं.

ईएमआय कंपनीला पहिलं गाणं म्हणून 'जेम्स अँड द कोल्ड गन' बाजारात आणायचं होतं. रॉकच्या अंगाचं, बिनधोक. ती 'वदरिंग हाइट्स'वर अडून राहिली. मार्चमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि चार आठवडे राहिलं. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन तिथे पोचलेली ती पहिली स्त्री. तिचं दुसरं गाणं तिथे पोचलं २०२२ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी, आणि ते तुमच्या मुलीला सापडलेलंच गाणं!

प्रभावाचं म्हणाल तर आइसलँडची गायिका ब्योर्कपासून हिपहॉपवाल्या बिग बॉयपर्यंत अनेकांनी तिचं ऋण मोकळेपणाने मानलंय. गाणारीने गोडच वाटलं पाहिजे ही अट तिने पहिल्याच अल्बममध्ये झुगारली, आणि पुढच्या कित्येक मुलींना त्यामुळे जागा मिळाली, असं मला मनापासून वाटतं.

आता मुलीशेजारी बसा आणि पाचव्यापासून लावा. सहावं या वेळी बंद करू नका. शेवटी इयन बेअर्नसनची गिटार येते आणि हळूहळू विरत जाते. ती तुमची ऐकायची राहिली आहे.