अरब फॉर्मेशन: तो पांढरा कण जिप्समचा नाही

तुम्ही विचारलंय की सौदीच्या अरब फॉर्मेशनमध्ये (तेल असलेल्या खडकांच्या एका थरमालेत) चुनखडीच्या अधूनमधून येणाऱ्या पांढऱ्या थरांचं काम काय, आणि कटिंग्जमध्ये (ड्रिलिंगमध्ये वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांत) ते ओळखायचे कसे.

काम झाकणाचं: खालचं तेल वर निसटू न देणं. उत्तर ज्युरासिक काळात, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, उथळ समुद्रात आधी चुनखडी साचली, मग पाणी कोंडलं, आटलं आणि वर कॅल्शियम सल्फेट बसलं, जे आज ॲनहायड्राइट (पाणी नसलेलं कॅल्शियम सल्फेट) आहे. असं चार वेळा झालं: खालून वर डी, सी, बी, ए. ए-वर हिथ नावाच्या फॉर्मेशनचं जाड ॲनहायड्राइट. घवार या सौदीतल्या प्रचंड तेलक्षेत्राचं तेल डी-मध्ये टिकलं ते वरच्या ॲनहायड्राइटमुळे. चुनखडीच्या सच्छिद्रतेवर पानंच्या पानं लिहायची आणि झाकण एका ओळीत उरकायचं, हे मला अजिबात पटत नाही.

आता ओळख. शेकरवरचा (मडमधून कटिंग्ज वेगळे करणाऱ्या हलत्या चाळणीवरचा; मड म्हणजे ड्रिलिंगचा चिखल) मऊ पांढरा लगदा दिसला की लोक सर्रास ‘जिप्सम’ (पाणी असलेलं कॅल्शियम सल्फेट) लिहितात. हे बंद करा. दीड-दोन किलोमीटर खोलीवर उष्णतेने जिप्सममधलं पाणी कधीच निघून गेलेलं असतं. लगदा होतो तो पीडीसी बिटच्या (कृत्रिम हिऱ्याचे दात असलेल्या ड्रिलच्या टोकाच्या) रगडण्याने.

१० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. चुनखडी जोरात फसफसते, डोलोमाइटची (मॅग्नेशियम असलेल्या, चुनखडीसारख्या खडकाची) पूड केली किंवा आम्ल कोमट केलं तरच नीट फसफसतो, ॲनहायड्राइट ढिम्म. पण तेवढ्यावर निर्णय देऊ नका. नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने इतका धुवा की धुवणात बेरियम क्लोराइड टाकून गढूळपणा येणार नाही, नाहीतर मडमधलं सल्फेटच तुम्हाला फसवेल. मग कण गरम आम्लात विरघळवा, गाळा, पातळ करा, बेरियम क्लोराइडचे थेंब टाका. दाट पांढरा साका बसला की सल्फेट पक्कं.

ते जिप्सम नाही याची खात्री लॉगवर (विहिरीत उपकरणं सोडून घेतलेल्या मोजमापांवर) होते. ॲनहायड्राइटची घनता २.९८ (ग्रॅम प्रति घन सेंमी) आणि न्यूट्रॉन लॉगवरची सच्छिद्रता शून्याच्या किंचित खाली, जिप्समची २.३५, आणि त्यातल्या पाण्यामुळे न्यूट्रॉन प्रचंड सच्छिद्रता दाखवतो. पीईएफवर (खनिज ओळखण्यासाठी लॉगवर मिळणाऱ्या फोटोइलेक्ट्रिक आकड्यावर) विसंबू नका: चुनखडी आणि ॲनहायड्राइट दोघांचा ५ च्या आसपास, शिवाय बराइटचं (वजन वाढवायला जड खनिज घातलेलं) मड असेल तर तो आकडा निकामीच. डोलोमाइटमध्ये ॲनहायड्राइटच्या गाठी असतील तर निव्वळ डोलोमाइटची घनता २.८७ धरून काढलेली सच्छिद्रता खऱ्यापेक्षा कमी येते, आणि चांगला थर फुकट नाकारला जातो.

बेंटोनाइट या मातीचं मड असेल तर या थरात कॅल्शियम मिसळून ते घट्ट होतं, फिल्ट्रेट (मडमधून खडकात झिरपणारं पाणी) वाढतं. कॅल्शियम काढून टाकायला सोडा ॲश तयार ठेवा. आणि बेरियम क्लोराइड विषारी आहे, हातमोजे घाला.