वाचकांचे प्रश्न : शोकाच्या घरी तरुण संघाने काय करावे?

प्रश्न : आमच्या मंडळीच्या तरुण संघातील एक सभासद रात्री मोटारसायकलवरून घरी येताना, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून मरण पावला. अंत्यविधीच्या वेळी कोणी म्हणाले, ही देवाची इच्छा. कोणी म्हणाले, देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात. एका ज्येष्ठ गृहस्थांनी तर घरातल्या प्रार्थनेत खंड पडला होता, असे सुचवले. तेव्हापासून त्याची आई उपासनेला येत नाही आणि आम्हालाही तिच्या घरी जायचा धीर होत नाही. नाताळात त्याच्या स्मरणार्थ ऊसतोड मजुरांना ब्लँकेटे वाटावीत, असे काहींचे मत आहे. आम्ही काय करावे?
— तरुण संघाची सचिव, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : बायबलमधल्या ईयोबाचे तीन मित्र त्याच्या दुःखाची वार्ता ऐकून आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तिथपर्यंत त्यांचे सगळे बरोबर होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर. दुःखामागे पाप असलेच पाहिजे, हे त्यांनी अध्यायामागून अध्याय पटवून दिले आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर, देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले, तेव्हाही प्रभू येशूने त्याचे किंवा त्याच्या आईबापांचे पाप मानायला नकार दिला. तेव्हा प्रार्थनेत खंड पडल्याचे ते बोलणे शास्त्राला धरून नाही आणि पाळकांनी त्या गृहस्थांना एकांतात तसे सांगायला हवे. हे काम तुम्हा तरुणांवर टाकू नये.

त्या घरी मात्र तुम्हीच जा. वीस जणांनी गिटार घेऊन एकदम जाऊ नका. दोघे-दोघे जा, अर्धा तास बसा आणि उपासनेला का येत नाही, असे विचारू नका. त्याचे नाव घ्यायला कचरू नका, कारण नाव टाळले की मुलगा सर्वांच्या विस्मरणात गेला, असे आईला वाटते. पाहुणे परतल्यावर आणि डबे यायचे थांबल्यावर घर खरे रिकामे होते. तुमच्या फेऱ्या तेव्हा चालू असाव्यात. शिवाय प्रथम खबर (एफआयआर), घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल हे कागद जमवायला शोकातल्या आईबापांच्या अंगात बळ नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करण्यासाठी 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून कोणीतरी त्यांना लवकर वकिलाकडे घेऊन जावे. मला विचाराल, तर ही धावपळसुद्धा सांत्वनाचाच भाग आहे.

संघाच्या सभेत स्तोत्रसंहितेतले तेरावे आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचा. पहिले 'कोठवर' या प्रश्नाने सुरू होते आणि दुसरे अंधारातच संपते. आपण विजयाची गाणी फार गातो. रडणाऱ्यांसाठीही शास्त्रात जागा आहे, हे मुलांना कळू द्या.

आता ब्लँकेटांविषयी. सेवा केली की दुःख हलके होईल, अशी घाई मला दिसते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. 1874 च्या सुमारास उपासमारीच्या काळात त्यांचे आईवडील गेले, मागोमाग बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला आणि 1882 मध्ये पती पटकीने गेले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणले. पण आईवडिलांचे मरण आणि हे काम यांच्यात वीसहून अधिक वर्षे गेली, हे सांगताना आपण विसरतो. तुमच्या सोबत्याच्या आईने येत्या नाताळापर्यंत सावरावे, अशी अपेक्षा कोणी धरू नये आणि तिला विचारल्याशिवाय त्याचा फोटो कोणत्याही फलकावर लावू नये.

थंडीत पहाटे फडात जाणाऱ्या आणि ताडपत्रीच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्यांना पांघरूण हवेच असते, म्हणून वाटपाला माझा विरोध नाही. मात्र आधी टोळीच्या मुकादमाला नव्हे, तर कोपीतल्या बायकांना गरज विचारा. तुमच्या दुःखाशी अधिक जवळचे काम मला वेगळे दिसते. उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या अंधारात दिसत नाहीत. कारखान्याच्या शेतकी विभागाची परवानगी घेऊन त्यांच्या मागे लाल आणि पुढे पांढरी रेडियमची पट्टी लावा. लोखंड आधी फडक्याने कोरडे पुसून घ्या, कारण चिखलावर किंवा तेलावर लावलेली पट्टी चार फेऱ्यांत सुटते. लावलेल्या पट्ट्याही धुळीने झाकतात, तेव्हा हंगाम संपेपर्यंत दर आठवड्याला वजनकाट्यापुढच्या रांगेत जाऊन त्या पुसाव्या लागतील. त्यात फोटो काढण्यासारखे काही नाही, त्यामुळे खरी उमेद किती जणांची आहे, तेही कळेल.

प्रश्न : आमचा संघ कोप्यांवरच्या मुलांचा संध्याकाळी वर्ग घेतो. त्यांना येशूच्या गोष्टी सांगाव्यात का?
— एक वाचक, श्रीरामपूर परिसर

उत्तर : आईबाप फडात असताना त्यांच्या नकळत लहान मुलांना आपला धर्म शिकवू नये. मुले वह्या-खाऊसाठी तुमच्यावर अवलंबून असताना तर मुळीच नाही. तुमच्या मुलांना कोणी असे शिकवले, तर तुम्हाला काय वाटेल, याचा विचार करा. एखाद्या मोठ्या माणसाने, तुम्ही इथे का येता, असे विचारले, तर संकोच न करता खरे ते सांगा. ते स्वातंत्र्य तुम्हाला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला जेवू घालणाऱ्यांनी त्याचा धर्म विचारल्याचे कुठे आढळत नाही. वर्गात पाढे आणि वाचन घ्या, मुले गावाकडून शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलांना नव्या ठिकाणी शाळेत घ्यावे म्हणून गावची शाळा देते तो कागद) घेऊन आली आहेत का ते पाहा आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून त्यांची नावे पटावर येतील असे करा. संध्याकाळचा वर्ग हा शाळेला पर्याय नव्हे.