माझा मित्र म्हणतो, मटक्यात एकूण २२० पत्त्या आणि डबल पत्तीला २८० चा भाव, म्हणजे लागली तर एका रुपयाला २८० रुपये. मग रोज डबल पत्ती लावणारा शेवटी फायद्यातच राहील ना?

नाही. तुमच्या मित्राने मोजलेला २२० हा आकडा अगदी बरोबर आहे, पण त्यावरून त्याने काढलेली शक्यता चुकली आहे. चूक लहान दिसते, पण माणसं तिच्यामागे वर्षानुवर्षं पैसे घालतात. माझ्या घरात हे झालं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खेळ काय आहे ते सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. शून्य ते नऊमधले तीन आकडे काढायचे. समजा ८, ३, ६ आले. ते चढत्या क्रमाने लावले की पत्ती झाली ३६८. बेरीज १७, तिचा शेवटचा आकडा ७, तो ओपन. रात्री पुन्हा तीन आकडे निघतात. समजा ०, ४, १ आले. शून्याला दहा धरून शेवटी ठेवतात, म्हणून पत्ती १४०, बेरीज ५, हा क्लोज. जोडी झाली ७५. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडताना आणि बंद होतानाचे भाव मुंबईत तारेने यायचे, त्यांवर आकडा लागायचा. १९६१ मध्ये ते बंद झाले. त्यानंतर १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. ओपन आणि क्लोज हे शब्द त्या कापसाच्या भावांपासून चालत आलेले आहेत.

आता २२० कुठून आले? तिन्ही आकडे वेगळे अशा सिंगल पत्त्या १२०. दोन आकडे सारखे अशा डबल पत्त्या ९०. तिन्ही सारखे अशा ट्रिपल १०. बेरीज २२०. इथपर्यंत मित्र बरोबर.

पण आकडे निघतात ते क्रमाने लावून निघत नाहीत. क्रम आपण नंतर लावतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. कागद घ्या आणि ३६८ ही पत्ती किती तऱ्हांनी निघू शकते ते लिहा: ३६८, ३८६, ६३८, ६८३, ८३६, ८६३. सहा. आता ३३८ लिहा: ३३८, ३८३, ८३३. तीनच. आणि ३३३? एकदाच. म्हणजे यादीत या तिन्ही पत्त्या एकेक ओळीच्या असल्या तरी त्यांचं वजन सहा, तीन आणि एक असं आहे. १२० गुणिले ६ म्हणजे ७२०, ९० गुणिले ३ म्हणजे २७०, आणि १०. बेरीज बरोबर १०००. समान शक्यतेच्या गोष्टी या १००० आहेत, २२० नव्हेत. शक्यता काढायची तर ज्या गोष्टी एकमेकींच्या बरोबरीने घडू शकतात त्याच मोजायला हव्यात. यादी किती लांब आहे याला काही अर्थ नाही.

त्यामुळे एका ठरावीक डबल पत्तीची शक्यता हजारात ३, म्हणजे सुमारे ३३३ मध्ये १. भाव २८०. मित्राच्या हिशेबाने २२० रुपये घालून २८० मिळायला हवेत. खऱ्या हिशेबाने १००० रुपये घालून ८४० परत येतात. सिंगल पत्तीला १४० चा भाव धरला तरी तेच ८४०. ट्रिपलला ६०० चा भाव धरला तर हजारातले ६००. भाव ठिकठिकाणी थोडे वर-खाली असतात. मी ऐकत मोठा झालो ते हे.

हे झालं मडक्यातून चिठ्ठी काढून ती परत आत टाकली तर. पत्त्यांच्या कॅटमधून तीन पाने एकदम काढली तर डबल आणि ट्रिपलचं चित्र आणखी वाईट होतं. राजा, राणी, गुलाम बाजूला ठेवले की ४० पाने उरतात, प्रत्येक आकड्याची चार. त्यातून तीन पाने ९८८० तऱ्हांनी निघतात. ३६८ साठी ४ गुणिले ४ गुणिले ४ म्हणजे ६४ तऱ्हा. ३३८ साठी २४. आणि ३३३ साठी फक्त ४, कारण एक तिर्री हातात आली की कॅटमध्ये तीनच उरतात. म्हणजे ट्रिपल पत्ती २४७० मध्ये एकदा. ६०० च्या भावाने तिच्यावर लावलेल्या रुपयातले २४ पैसे परत येतात. सगळ्यात मोठा भाव जिथे दिसतो, तिथेच सगळ्यात जास्त कापलं जातं.

नुसत्या आकड्याचा, म्हणजे ओपन किंवा क्लोजचा, हिशेब मात्र दोन्ही रीतींनी सारखाच येतो. कुठल्याही आकड्याच्या वाट्याला १२ सिंगल, ९ डबल आणि १ ट्रिपल अशा २२ पत्त्या येतात, आणि वजन धरूनही शक्यता बरोबर दहात एक. हा योगायोग नाही, तपासून पाहा, फार सुंदर आहे. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नऊच्या भावाने नव्वद येतात. शंभरही जोड्यांवर एकेक रुपया लावला तरी नव्वदच.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की बरेच दिवस न आलेल्या जोडीची शक्यता वाढते का. माझे वडील लालबागला गिरणीत साचे खात्यात होते. दुसऱ्या पाळीहून साडेबाराच्या सुमारास घरी यायचे तेव्हा क्लोज कळलेला असायचा. हातपाय धुण्याआधी ते खिडकीतली लांबट वही काढून पेन्सिलीने आकडा लिहायचे. डाव्या पानावर आलेल्या जोड्या. उजव्या पानावर वर ‘बाकी’ असं लिहून खाली न आलेल्या जोड्या, आणि आली की त्यावर आडवी रेघ. महिनोन्‌महिने रेघ न पडलेल्या जोडीवर ते रक्कम वाढवत न्यायचे. एका दिवाळीचा बोनस त्या उजव्या पानावर गेला. ते अडाणी नव्हते, हिशेबाला चोख होते. त्यांना फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती: शंभर दिवसांत शंभर जोड्या एकेकदा येऊन जातात असं होत नाही. एखादी जोडी शंभर दिवसांत एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. त्यामुळे शंभर दिवसांनी ३७ च्या आसपास जोड्या ‘बाकी’ असणारच. तीनशे दिवसांनीही पाचेक राहतात. उजवं पान भरलेलं असणं हीच नेहमीची स्थिती आहे, आणि उद्या त्यातल्या कुठल्याही जोडीची शक्यता शंभरात एकच. मडक्याला कालचं आठवत नाही.

हे गणित मी बी. एस्सी.ला शिकलो तेव्हा गिरणी बंद पडली होती आणि वहीही बंद झाली होती. वडिलांना मी ते नंतर एकदा, चहा घेताना, मांडून दाखवलं. त्यांनी सहा तऱ्हा स्वतः लिहून पाहिल्या आणि म्हणाले, “हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं कोणीतरी.” म्हणून तुम्हाला आज सांगतो आहे.

हा सगळा हिशेब पाने खरोखर न बघता काढली आहेत असं धरून आहे. मोबाइलवर नुसता आकडा जाहीर होतो, तिथे तो कोणी कसा काढला हे लावणाऱ्याला दिसतच नाही. मटका बेकायदा आहे हे तर तुम्हाला माहीत आहेच. सरकारी लॉटरीलासुद्धा १९९८ च्या कायद्याने एका आकड्यावर बक्षीस ठेवायची मनाई आहे.

मित्र तोंडी सांगून ऐकणार नाही. त्याला जुना कॅट द्या, चित्रं काढून टाका, आणि नीट पिसून तीन-तीन पाने शंभर वेळा काढायला सांगा. दर वेळी पाने परत कॅटमध्ये घालायची. पैसे लावायचे नाहीत, फक्त सिंगल, डबल, ट्रिपल अशा रेघा मारायच्या. त्याचं म्हणणं खरं असेल तर डबल ४१ च्या आसपास आणि ट्रिपल चार-पाच यायला हव्यात. माझं खरं असेल तर सिंगल ७८ च्या आसपास, डबल २२ च्या आसपास, आणि ट्रिपल बहुधा एकही नाही. तासाभराचं काम आहे. रेघा त्यालाच मारू द्या.