अमेरिकेत नुसत्या आयब्रो करायलाही सरकारी लायसन्स लागतं का?

तुमची नणंद साताऱ्यात १४ वर्षं पार्लर चालवते. भावाने केलेल्या अर्जावर तिला एकदाचं ग्रीन कार्ड मिळालंय आणि ती तुमच्याकडे टेक्सासला यायची आहे. तिला कुणीतरी सांगितलंय की इथे लायसन्सशिवाय आयब्रोसुद्धा करता येत नाहीत. हे खरं आहे का, आणि एवढ्याशा कामाला सरकारचा परवाना कशाला, असं तुम्ही विचारलंय.

आधी तिची झोप उडाली असेल तर ती परत येऊ दे. टेक्सासमध्ये नुसत्या दोऱ्याने आयब्रो किंवा अप्परलिप करायला आज लायसन्स लागत नाही. २०१५ पर्यंत लागत होतं. वॅक्सिंग आणि फेशियलला मात्र अजूनही लागतं, केस कापायला आणि रंगवायला त्याहून मोठं लागतं. म्हणजे ती येऊन आठवड्याभरात दोरा हातात धरू शकेल, पण साताऱ्याला जे सगळं करत होती ते करू शकणार नाही.

आता 'कशाला' याचं उत्तर. ते जरा लांबेल, कारण मी या रस्त्याने स्वतः गेले आहे.

मी मिरजेची. बारावीनंतर गल्लीतल्या एका काकूंच्या पार्लरमध्ये शिकले. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात, मधे पीळ, आणि उजव्या हाताच्या बोटांनी त्या पिळाची उघडमीट करायची. सांगायला एक वाक्य, पण बोटं वळायला मला वर्ष लागलं. पहिले दोन महिने काकूंनी गिऱ्हाइकाला हात लावू दिला नाही. स्वतःच्या पोटरीवरचे केस काढत बसायचे. ओळ चुकली की कातडी चिमटायची आणि दुसऱ्या दिवशी तिथे बारीक पुरळ यायचं. काकू रोज संध्याकाळी पोटरी बघायच्या. पुरळ यायचं थांबलं, त्या दिवशी त्यांनी मला पहिलं गिऱ्हाईक दिलं. माझी परीक्षा ती होती, आणि त्याहून चोख परीक्षा मी आजवर पाहिलेली नाही.

लग्नानंतर ह्यूस्टनला आले. हिलक्रॉफ्टच्या बाजूला आपल्या लोकांची दुकानं आहेत, त्यातल्या एका पार्लरमध्ये काम मिळालं. इंग्रजी जेमतेम, गाडी नाही, पण हातातल्या कामाला भाषा लागत नव्हती. 'डोळे मिटा, कातडी ताणून धरा' एवढं इंग्रजीत आलं की झालं. मग राज्याने थ्रेडिंगवाल्या दुकानांना दंडाच्या नोटिसा पाठवायला सुरुवात केली. आमच्या मालकीणबाई घाबरल्या. लायसन्स आण, नाहीतर गल्ल्यावर बस, असं त्यांनी मला सांगितलं. गल्ल्यावर बसायचे पैसे कमी आणि टिप शून्य.

त्या काळी दोऱ्यासाठी वेगळं लायसन्स नव्हतंच. त्वचेच्या सौंदर्योपचारांचं जे सरसकट लायसन्स आहे तेच काढावं लागे, म्हणजे ब्यूटी स्कूलचे ७५० तास आणि वर लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा. खाजगी शाळांची फी साडेतीन हजारांपासून नऊ हजार डॉलरपर्यंत. मी ६,२०० भरले. त्यातले ४,००० उसने घेतलेले.

७५० तास म्हणजे काय ते नीट लक्षात घ्या. आठवड्याला ३० तास गेलात तरी २५ आठवडे. टेक्सासमध्ये किमान मजुरी तेव्हाही तासाला ७.२५ डॉलर होती, आजही तेवढीच आहे. त्या दराने ७५० तासांचे ५,४०० डॉलर होतात, ते बुडाले. फी धरली तर माझ्यासारख्या बाईला साडेअकरा हजारांचा खड्डा. नवऱ्याचा चांगला पगार असलेली बाई हे वर्ष काढून नेते. जिच्या पैशांवर घराचं भाडं जातं तिने काय करायचं? माझ्या वर्गात सुरुवातीला ११ जणी होतो, शेवटी ६ उरलो. गेलेल्या पाचजणींपैकी एकही कामात कच्ची होती म्हणून गेली नाही. एकीची गाडी मोडली, एकीला तिसरं मूल झालं, एकीची रात्रपाळी लागली. त्यांची भरलेली फी परत मिळाली नाही.

आणि शाळेत काय शिकवलं? दारात शिरलं की घड्याळात कार्ड टोचायचं, बाहेर पडताना पुन्हा टोचायचं. शिकलात किती याला महत्त्व नव्हतं, टोचलेले तास मोजायचे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा टॉवेलच्या घड्या घातल्या, तेही तास धरले. गिऱ्हाईक असेल तेव्हा आम्ही फेशियल करायचो, त्याचे पैसे शाळेच्या गल्ल्यात. रसायनं, मेकअप, यंत्रं, वॅक्स, सगळं झालं. थ्रेडिंगचा विषय निघाला तो एका संध्याकाळी, सगळा मिळून तासभर. शिकवणाऱ्या बाई भल्या होत्या, त्यांनी सरळ सांगितलं की मला हे येत नाही. मग त्यांनी मला पुढे बोलावलं. मी दोरा दातात धरला आणि वर्गाला दाखवलं. ज्या गोष्टीचा परवाना मिळावा म्हणून मी फी भरत होते, ती त्या वर्गात फक्त मलाच येत होती. त्या रात्री घरी येऊन मी खूप रडले. अपमान कुणी केला नव्हता, तरी तो झाला होता. परीक्षेतही दोऱ्यावर एक प्रश्न आला नाही.

मी एकटीच अशी नव्हते. २००९ मध्येच काही थ्रेडिंगवाल्यांनी आणि दुकानमालकांनी राज्यावर खटला भरला होता. तो 'पटेल विरुद्ध टेक्सास' म्हणून ओळखला जातो. खालच्या कोर्टांत ते हरले. २६ जून २०१५ ला टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. नेमका त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये समलिंगी विवाहाचा निकाल लागला, त्यामुळे आमची बातमी कुणाच्या कानावरही गेली नाही. आम्हाला दुकानात फोनवर कळली. न्यायालयाने म्हटलं की ७५० पैकी ३२० तासांपर्यंतच्या प्रशिक्षणाचा थ्रेडिंगमधल्या आरोग्याशी किंवा सुरक्षिततेशी संबंधच नाही, आणि एवढं ओझं लादणं राज्याच्या घटनेत बसत नाही. मी त्या रात्री हिशोब केला. माझ्या फीपैकी २,६०० डॉलरहून जास्त त्या ३२० तासांचे होते.

हे फक्त आपल्या बायकांचं दुखणं आहे असं समजू नका. आपल्याआधी कृष्णवर्णीय बायकांनी हे सोसलंय. डॅलसच्या आयसिस ब्रँटली आफ्रिकी पद्धतीच्या वेण्या घालायच्या. ना कात्री, ना रसायन, नुसती बोटं. १९९७ मध्ये साध्या कपड्यातल्या पोलिसांनी त्यांना त्यांच्याच दुकानात अटक केली, कारण केशरचनेचं लायसन्स नव्हतं. पुढे राज्याने वेण्यांसाठी ३५ तासांचं छोटं प्रमाणपत्र काढलं, पण ते शिकवायची शाळा काढायची तर २,००० चौरस फूट जागा हवी, दहा न्हावी-खुर्च्या हव्यात आणि दर दोन खुर्च्यांमागे एक बेसिन हवं. वेण्या घालणाऱ्या बाईला बेसिन लागत नाही, कायद्याने तिला ते वापरायचंही नव्हतं. जानेवारी २०१५ मध्ये संघराज्य न्यायालयाने हे नियम रद्द केले आणि त्याच वर्षी टेक्सासने वेण्यांचं लायसन्सच काढून टाकलं. आपल्या खटल्याच्या आधी हा रस्ता त्यांनी पाडला, हे आपण विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

तर असले नियम होतात कसे? वाईट हेतूने होतात असं मी म्हणणार नाही. डॉक्टर, वकील, विमानाचा पायलट यांना परवाना हवाच. पण १९५०च्या दशकात अमेरिकेत साधारण वीसातल्या एका कामगाराला परवाना लागायचा, आणि २०१५ मध्ये व्हाइट हाउसने काढलेल्या अहवालाप्रमाणे चारातल्या एकाहून जास्त जणांना लागत होता. हे परवाने बहुतांश राज्य सरकारं देतात, आणि ते ठरवणाऱ्या मंडळांवर पुष्कळदा त्याच धंद्यातले, आधीच परवाना असलेले लोक बसतात. नवीन माणूस आत येणं कठीण झालं तर फायदा कुणाचा, हे सांगायला नको. नॉर्थ कॅरोलिनात दंतवैद्यांच्या मंडळाने मॉलमध्ये दात पांढरे करून देणाऱ्यांना बंदीची पत्रं धाडली होती. ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये मंडळ हरलं. न्यायालयाने सांगितलं की धंद्यातलेच लोक बहुमताने मंडळ चालवत असतील आणि सरकारची खरी देखरेख नसेल, तर स्पर्धेच्या कायद्यातून त्यांना सूट नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो तासांचा आकडा. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस ही पटेल खटला लढवणारी संस्था. तिने २०१२ मध्ये कमी उत्पन्नाच्या १०२ कामांचे नियम गोळा केले. अँब्युलन्समधल्या प्राथमिक पातळीच्या तंत्रज्ञाला, म्हणजे रस्त्यावर पडलेल्या माणसाचा श्वास सांभाळणाऱ्याला, देशभरात सरासरी ३३ दिवसांचं प्रशिक्षण. केस आणि सौंदर्याचं काम करणाऱ्या बाईला ३७२ दिवस. माणसाचा जीव आणि माणसाचे केस यांत कशाला जास्त जपायचं, हे मला तरी या आकड्यांवरून कळत नाही.

कुणी म्हणेल, मग स्वच्छतेचं काय? मी तर म्हणते, स्वच्छता हवीच. आपल्याकडे एकच दोरा दोन गिऱ्हाइकांना वापरलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि ते चूक आहे. दर गिऱ्हाइकाला नवा दोरा, हात धुणं, डोळ्याजवळ पुरळ किंवा जखम दिसली तर काम नाकारणं, हे प्रत्येकीला आलं पाहिजे. पण ते एका दिवसात शिकवता येतं, त्याची परीक्षा घेता येते, आणि दुकानात अचानक येऊन तपासताही येतं. तशी परीक्षा ठेवा, मी पहिली बसेन. ७५० तास बसवून ठेवलेल्या बाईने दोरा बदललाच याची खात्री कोण देणार?

आता नणंदेसाठी थोडं कामाचं.

ग्रीन कार्ड असल्याने तिला कामाची परवानगी आहेच, हा मोठा अडसर गेला. (एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या ज्या मैत्रिणी हे वाचत असतील त्यांनी कामाचा परवाना हातात येईपर्यंत घरीसुद्धा पैसे घेऊन आयब्रो करू नयेत. हे गाव लहान आहे आणि धोका फार मोठा.) तिला आधी थ्रेडिंगवरच उभं राहू द्या. दोन-चार महिने पैसे येऊ देत, इंग्रजी कानावर पडू दे, आणि मगच फेशियल-वॅक्सच्या लायसन्सचा विचार करा. येताच शाळेत नाव घालायची घाई मी केली असती तर आज पस्तावले असते.

येताना तिने जिथे कोर्स केला त्या अकादमीकडून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून आणावं, कोणते विषय आणि प्रत्येकी किती तास. गुमास्ता लायसन्सची प्रतही आणावी. त्याने इथलं लायसन्स मिळत नाही, पण १४ वर्षांचं काम कागदावर दिसतं, आणि मुलाखतीत उपयोग होतो. शाळेत जायचं ठरलंच, तर सही करायच्या आधी विचारायचं की मधेच सोडलं तर किती पैसे परत, आणि ते करारात कुठे लिहिलंय. केसांचंही काम करायचं असेल तर एक चांगली गोष्ट झालीय. टेक्सासने २०२१ मध्ये त्या लायसन्सचे तास १,५०० वरून १,००० केले. कॅलिफोर्नियानेही १,६०० चे १,००० केलेत.

आणि तुम्ही टेक्सासमध्येच राहणार आहात ना, हे आधी घरात बोलून घ्या. लायसन्स राज्याचं असतं, देशाचं नाही. न्यूयॉर्कमध्ये त्वचेच्या लायसन्सला ६०० तास लागतात आणि थ्रेडिंगही त्यातच धरतात. ॲरिझोनाने २०१९ मध्ये दुसऱ्या राज्यांची लायसन्सं सरसकट मानायचा कायदा केला, तसा तो करणारं ते पहिलं राज्य. पण सगळीकडे तसं नाही. माझी एक मैत्रीण नवऱ्याच्या बदलीमुळे इथून गेली आणि नव्या राज्यात कागद मान्य होईपर्यंत पाच महिने घरी बसली. तिच्या हातात मिरजेच्या काकूंसारखी सफाई होती.

नणंद ह्यूस्टनच्या बाजूला येणार असेल तर इथेच खाली लिहा. आमच्या दुकानात शनिवार-रविवारी दोन खुर्च्या रिकाम्या असतात, आणि मालकीणबाई आता कागद विचारायच्या आधी हात बघतात.